आत्यासोबत महाडला : चार दिवस

१८ मार्च, पनवेल ते दासगाव

आत्या गेली तीस वर्षं दर २० मार्चला महाडला जाते. १९२७ मध्ये याच दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो अस्पृश्यांसह तिथल्या चवदार तळ्याचं पाणी प्यालं होतं. गुडघे दुखायला लागल्यापासून तिला सोबत लागते, आणि मार्च आला की घरात प्रत्येकाला काहीतरी काम निघतं. मलाही निघायचं. मी शाळेत शिकवते. या महिन्यात परीक्षा, पेपर, निकालपत्रकं. यंदा मात्र जानेवारीतच रजा मागून ठेवली होती.

त्याचं कारण आमच्या गावातलं पाणी. गाव मराठवाड्यात, माझ्या वडिलांचं, म्हणजे आत्याचं माहेर. नळयोजनेची पाइपलाइन गावठाणातल्या शेवटच्या घरापाशी येऊन थांबली आहे. आमची वस्ती ओढ्याच्या पलीकडे. वस्तीपर्यंत पाइप न्यायचा ठराव ग्रामसभेत मंजूर होऊन तीन वर्षं झाली. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत दादाने उभं राहून विचारलं, तर उत्तर मिळालं, ‘ठराव झालाय ना? मग पुन्हा तेच काय?’ रात्री फोनवर मी हे आत्याला सांगितलं. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “महाडलापण ठराव झालेलाच होता. तू यंदा माझ्याबरोबर चल.”

पनवेलहून सकाळची एसटी पकडली. आत्या पंचाहत्तरीच्या पुढची, तिला तिकीट नाही; मला अर्धं. गाडीत निम्मी माणसं महाडलाच निघालेली. पांढऱ्या साड्या, निळे उपरणे, मांडीवर डबे. पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड असं एकेक गाव मागे पडत होतं. रस्त्याच्या कडेला पांगारा फुलला होता आणि आंब्यांना बोराएवढ्या कैऱ्या लागल्या होत्या. माणगावला चहा झाला. लोणेऱ्याला बाबासाहेबांच्या नावाचं तंत्रशास्त्र विद्यापीठ दिसलं तेव्हा पुढच्या बाकावरची बाई आपल्या नातवाला बोट दाखवून म्हणाली, “इथं शिकायचं बरं का तू.” नातू पाचेक वर्षांचा. त्याने मान डोलावली.

वाटेत आत्याने तारखा सांगितल्या, मी वहीत उतरवल्या. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी ठराव मांडला आणि तो मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने, न्यायालयं अस्पृश्यांना खुली असावीत, असा तो ठराव. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने आपल्या ताब्यातलं चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. सुरबानाना टिपणीस तिथले अध्यक्ष, मनापासून सुधारणेच्या बाजूचे. पण तळ्यावर कुणी गेलं नाही. जाण्याची हिंमत होईल अशी परिस्थितीच नव्हती. १९२६ मध्ये बोल्यांनी आणखी एक ठराव आणला : जी स्थानिक मंडळं आधीचा ठराव अमलात आणणार नाहीत त्यांचं अनुदान बंद करावं. तरीही तळं तिथेच आणि माणसं इथेच. कागद पुरा होता, शिक्का होता, सही होती.

“तीन वर्षं,” मी म्हटलं.

“तीन वर्षं,” आत्या म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

दासगावला उतरलो. महाड इथून हाकेच्या अंतरावर आहे, पण आत्याचा मुक्काम दर वर्षी इथेच असतो, ओळखीच्या एका घरी. त्या घरातल्या बाईंना ती वहिनी म्हणते. नातं काही नाही, तीस वर्षांची ये-जा आहे. वहिनींनी तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी आणि सुक्या जवळ्याची चटणी वाढली. जेवताना गावाची हकीकत निघाली. २००५ च्या जुलैत इथे दरड कोसळून माणसं गेली. २०२१ च्या जुलैत महाड पुराखाली गेलं, तळियेवर डोंगर आला. वहिनी हे सगळं भाकरी थापता थापता सांगत होत्या, मध्येच हात थांबत होता.

संध्याकाळी खाडीवर गेलो. सावित्रीचं पाणी इथे रुंद आणि संथ आहे. डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेब मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने इथल्या धक्क्याला आले होते. महाडच्या दुसऱ्या परिषदेला (पहिली त्याच वर्षी मार्चमध्ये झाली होती) निघालेली शेकडो माणसं बरोबर होती. पुढे महाडपर्यंत ती मिरवणुकीने पायी गेली.

दासगाव म्हटलं की आणखी एका माणसाची आठवण काढायला हवी, आणि मला वाटतं ती पुरेशी काढली जात नाही. रामचंद्र बाबाजी मोरे. जन्म १९०३ चा, जवळच्याच लाडवलीचा. हुशार मुलगा, शिष्यवृत्ती मिळवलेला, पण महाडच्या इंग्रजी शाळेने त्याला प्रवेश नाकारला. त्या मुलाने गप्प न बसता तक्रार लिहिली, ती छापून आली, अनुदान जाईल अशी भीती शाळेला वाटली आणि प्रवेश मिळाला. बसायला जागा मात्र वर्गाबाहेर. हाच मुलगा मोठा होऊन महाडच्या परिषदेची कल्पना घेऊन बाबासाहेबांकडे गेला, गावोगाव फिरून त्याने माणसं जोडली. महाडच्या आधी दासगावच्या क्रॉफर्ड तळ्यावर पाणी पिण्याचं धाडसही त्याच्याच पुढाकाराने झालं. पुढे मोरे कम्युनिस्ट झाले, त्यांची वाट वेगळी झाली. म्हणून त्यांचं नाव मागे पडलं असेल तर ते बरोबर नाही. मी शिक्षक आहे. वर्गाबाहेर बसवलेला तो मुलगा मला रात्री झोप येईपर्यंत दिसत होता.

१९ मार्च, गांधारपाले आणि क्रांतिस्तंभ

सकाळी उन्हाच्या आधी गांधारपाल्याची लेणी बघून घेऊ, असं वहिनींच्या मुलाने सुचवलं. महामार्गाला लागूनच डोंगर आहे; पायऱ्या आहेत, पण आत्याला जमण्यासारख्या नाहीत. ती खाली झाडाच्या सावलीत बसली. “तू जा, वर पाण्याच्या टाक्या आहेत त्या बघून ये,” म्हणाली.

बौद्ध लेणी. चैत्यगृह, विहार, भिक्खूंसाठी कोरलेले दगडी ओटे. आणि खरंच, कातळात खोदलेली पाण्याची टाकी. अशा टाक्यांना जुन्या शिलालेखांत पोढी म्हणतात, आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या लेण्यांत कुणी एका गृहस्थाने, कुणी एका बाईने पोढी दान दिल्याचे लेख सापडतात. दोन हजार वर्षांपूर्वी याच डोंगररांगांत पाणी ही दान द्यायची गोष्ट होती, आणि येणाऱ्याने ते प्यावं एवढीच त्यातली अपेक्षा. वरून खाली पाहिलं तर गांधारी आणि सावित्री या दोन्ही नद्यांचं खोरं दिसतं आणि मध्ये महाड. एवढ्या पाण्याच्या गावात माणसांना पाणी मिळू नये!

खाली आले तर आत्याभोवती चारपाच पोरं जमली होती. नागपूरकडून आलेली, कॉलेजातली. आत्या त्यांना सांगत होती की १९२७ च्या मार्चमध्ये परिषदेला आलेल्या माणसांना प्यायला म्हणून चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं होतं. त्यातला एक मुलगा लगेच हिशेब करायला लागला की तेव्हाचे चाळीस म्हणजे आताचे किती. दुसरीने त्याला थांबवलं. “अरे, गावात तळं असताना!”

दुपारी महाड शहरात. बाजारपेठ गजबजलेली, सगळीकडे निळे झेंडे, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पुस्तकांची दुकानं मांडायची लगबग. मला सगळ्यात आनंद त्या पुस्तकांचा झाला. जमिनीवर ताडपत्री, तिच्यावर ओळीने पुस्तकं, बाजूला बुद्धमूर्ती, बिल्ले, दिनदर्शिका. डोक्यावर गाठोडं घेतलेली एक म्हातारी एका पुस्तकाची किंमत विचारत होती. तिला वाचता येत नव्हतं. “सुनेला पाहिजे,” म्हणाली, आणि कनवटीच्या पुरचुंडीतून पैसे काढले.

मग क्रांतिस्तंभ. २५ डिसेंबर १९२७ च्या रात्री मनुस्मृती जाळली गेली ती इथे. मी शाळेत असताना हे एका ओळीत वाचलं होतं. जागेवर उभं राहिलं की त्या एका ओळीमागची माणसं दिसायला लागतात. परिषदेसाठी महाडमध्ये कुणी जागा देईना, ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने दिली. मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडला गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्ध्यांनी, जे जन्माने ब्राह्मण होते. चळवळीतले अनंतराव चित्रे कायस्थ, टिपणीस कायस्थ. याच काळात काही ब्राह्मणेतर पुढाऱ्यांनी पाठिंब्याची अट घातली की चळवळीत ब्राह्मण नकोत. बाबासाहेबांनी ती नाकारली. आमचं भांडण ब्राह्मण्याशी आहे, जन्माने ब्राह्मण असलेल्या माणसाशी नाही, अशी त्यांची भूमिका होती. आज आमच्यातल्याच काही तरुणांना हे सांगावं लागतं. मी वर्गात सांगते, घरातही सांगते.

दुसऱ्या परिषदेत बाबासाहेबांनी फ्रान्सचा दाखला दिला होता. १७८९ मध्ये व्हर्सायला भरलेली राष्ट्रीय सभा आणि महाडची ही सभा, दोन्हींचं काम एकच आहे असं ते म्हणाले. बांबूच्या मांडवात, अनवाणी माणसांसमोर. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांनी फ्रान्सचं नावही ऐकलं नसेल. तरी त्यांना तो दाखला द्यावासा वाटला. समोरच्या माणसाला काय समजेल याचा अंदाज बांधून गोष्ट लहान करायची नाही, हे मला माझ्या धंद्यात फार उपयोगाचं वाटतं.

त्याच डिसेंबरातली एक गोष्ट आत्या दर वर्षी स्तंभापाशी कुणाला ना कुणाला सांगते. २७ डिसेंबरला बाबासाहेब बायकांशी वेगळं बोलले. जातीवरून ओळखू येईल असं नेसू नका, लुगडं नीट नेसा, गळ्यात-हातात लादलेले जड दागिने टाका, मुलींना शिकवा. आत्याच्या सासूने हे आपल्या सासूकडून ऐकलं होतं, ती कोकणातली. आत्या आजही घरातून निघताना निऱ्या तीनदा नीट करते. लहानपणी मला तो तिचा नीटनेटकेपणा वाटायचा.

रात्री जलसा होता. ढोलकी, टाळ, पेटी आणि दोन गायिका, त्यातली एक जेमतेम विशीची. भीमगीतं सुरू झाली तसं मैदानातल्या बायका उठून टाळ्यांचा ठेका धरायला लागल्या. विदर्भातली माणसं एकीकडे, आमच्या मराठवाड्यातली एकीकडे, मुंबईची पुढे. गाणी सगळ्यांना पाठ. मध्ये गायिका थांबली आणि म्हणाली, “पाणी प्या, बसून ऐका.” पोरं पाण्याचे जार घेऊन गर्दीतून फिरायला लागली. कुणी कुणाच्या हातचं पाणी पितंय याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मी मात्र तेच बघत बसले. कितीतरी वेळ.

२० मार्च, चवदार तळे

पहाटे पाचला उठलो. आत्याने पांढरी साडी नेसली, मला दिलेली निळ्या काठाची होती. सहापर्यंत रस्ते भरले होते. गाड्या शहराबाहेर अडवलेल्या, त्यामुळे जो तो पायी. आत्याचा हात धरून मी चालायला लागले. क्रांतिस्तंभापासून तळं एरवी लांब नाही, पण गर्दीत पाऊण तास लागला, आणि मला तो पाऊण तास हवाच होता.

२० मार्च १९२७ ला सकाळी परिषदेचं काम संपत आलं होतं. आदल्या दिवशी बाबासाहेबांचं अध्यक्षीय भाषण झालं होतं : मेलेल्या जनावराचं मांस सोडा, उष्टं खाऊ नका, शिका, जमीन कसा. माणसं परतीच्या तयारीत होती. तेव्हा अनंतराव चित्र्यांनी उठून सांगितलं की नगरपालिकेने तळं खुलं केलेलं आहे, तर आपण सगळे आत्ता जाऊन पाणी पिऊ या. अडीचतीन हजार माणसं चौघाचौघांच्या रांगा करून शहरातून निघाली. घोषणा होत्या, पण दंगा नव्हता. सगळ्यांच्या पुढे बाबासाहेब. वय छत्तीसही पूर्ण नव्हतं. तळ्यावर पोचल्यावर त्यांनी आधी ओंजळीने पाणी घेतलं, आणि मग बाकीच्यांनी.

कायदेमंडळाचा ठराव होता आणि नगरपालिकेचाही होता. त्यात नव्हतं ते एवढंच चालणं. मी पावलांकडे बघत चालत होते. पुढे प्लास्टिकच्या चपला, बूट, मोजे न घातलेल्या टाचा, एका बाईचे भेगाळलेले अनवाणी पाय. तिला विचारलं, तर म्हणाली, “आजच्या दिवशी मी चप्पल घालत नाय.”

तळ्याकाठी बाबासाहेबांचा पुतळा आहे. पोचलो तेव्हा समता सैनिक दलाची मानवंदना सुरू होती. मग त्रिशरण, पंचशील. हजारो माणसं एका सुरात म्हणत होती, आणि तळ्याच्या पाण्यावरून तो आवाज परत येत होता. रांगेत आमचा नंबर यायला उन्हं वर आली. आत्याला पायऱ्या उतरायच्याच होत्या. मी आणि एक अनोळखी मुलगा, दोघांनी तिला दोन्ही बाजूंनी धरलं. शेवटच्या पायरीवर ती वाकली, पाण्यात हात घातला, ओले हात डोळ्यांना लावले आणि मग माझ्या तोंडावरून फिरवले, लहानपणी फिरवायची तसे.

“आमच्या विहिरीवर,” ती वर येऊन बसल्यावर म्हणाली, “मी घागर घेऊन बसायची. काठापासून लांब. कुणी बाई आली, तिच्या मनात आलं, तर वरून ओतायची. कधी दुपार व्हायची. एकदा घागर भरायला आलेल्या बाईला माझी दया आली, पण तिची सासू मागून आली म्हणून ती तशीच गेली. दहा वर्षांची असेन मी. मला त्या बाईचा राग नाही आला. रिकाम्या घागरीचा आला. घरी जाऊन ती मी आपटली, पोचा पडला. आईने मारलं.” ही गोष्ट तिने मला आजवर कधीच सांगितली नव्हती. ती घागर मी पाहिली आहे. आजीच्या घरात धान्य ठेवायला होती. पोचा मला आठवतो.

तळ्यावरचं त्या दिवशीचं पाणी पिऊन झाल्यावर जे घडलं तेही इथे बसून आठवलंच पाहिजे. गावात अफवा उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार आहेत. काठ्या घेऊन जमाव निघाला. परिषदेची बरीच माणसं घरी गेली होती, काही मांडवात जेवत होती, काही गावात सामान घेत होती. त्यांना गाठून मारलं. अन्न मातीत मिसळलं. काहींना मुसलमान घरांनी आत घेऊन दार लावलं म्हणून ती वाचली. बाबासाहेब डाक बंगल्यात उतरले होते. त्यांच्यापाशी आलेल्यांत पलटणीतून निवृत्त झालेली माणसं होती, लढाई पाहिलेली. हा मुलूख तसा पेन्शनर सैनिकांचाच. जवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर पलटणीतून परत येऊन १८८० च्या दशकातच लिहू-बोलू लागले होते. या सैनिकांना एका शब्दाची वाट होती. तो शब्द बाबासाहेबांनी दिला नाही. हात उचलायचा नाही, असं सांगितलं. मारणाऱ्यांवर खटले भरले गेले, काहींना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली.

मला हा भाग तळ्याइतकाच मोठा वाटतो. अंगावर मार आहे, मागे हजारभर चिडलेली माणसं आहेत, ती तुमच्या एका इशाऱ्यावर उठतील हे तुम्हाला माहीत आहे, आणि तुम्ही त्यांना शांत करता. नंतर डिसेंबरातही तेच. पुन्हा तळ्यावर जाऊन पाणी प्यायचा सत्याग्रह ठरला होता. १४ डिसेंबरला दिवाणी न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम दिला, तरी हजारो जमले, तुरुंगात जायला नावं नोंदवून तयार झाले. कलेक्टर येऊन बोलून गेला. आणि बाबासाहेबांनी सत्याग्रह पुढे ढकलून शहरातून शांत मिरवणूक काढायला सांगितली. किती माणसं मनातून खट्टू झाली असतील. घरून निरोप घेऊन आलेली माणसं ती. त्यांना थांबायला सांगणं मार खायला सांगण्यापेक्षा अवघड असणार.

तळ्याच्या खटल्याचा निकाल लागायला दहा वर्षं गेली. त्याच्या आधी नगरपालिकेने ऑगस्ट १९२७ मध्ये आपला ठराव मागे घेतला होता. खटला महाडच्या न्यायालयापासून वर वर जात राहिला आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाने विरोधकांचं अपील फेटाळलं. अस्पृश्यांना मज्जाव करण्याची अनादि काळापासूनची प्रथा आहे, असा त्यांचा दावा होता. तो त्यांना सिद्ध करता आला नाही. आपल्या देशात ‘पहिल्यापासून असंच आहे’ हे वाक्य किती ठिकाणी चालून जातं! त्या दिवशी न्यायालयात ते चाललं नाही.

आणि बाबासाहेबांनीच डिसेंबरच्या भाषणात स्पष्ट केलं होतं की हे पाणी प्यायल्याने आम्ही अमर होणार नाही, आजवर प्यालो नव्हतो तरी जगलोच होतो. आम्हीही माणसं आहोत हे ठरवण्यासाठी तळ्यावर जायचं आहे.

दुपारी एका मंडळाच्या पंगतीत जेवलो. मसालेभात, बुंदी, मठ्ठा. शेजारी बसलेला एकजण परभणीचा निघाला. आत्याने त्याला आमच्या पाइपलाइनची हकीकत सांगितली. तो म्हणाला, “आमच्याकडंबी तसंच होतं ताई. आम्ही अर्ज लई दिले. मग एक दिवस सगळ्या वस्तीतल्या बाया हंडे घेऊन ग्रामपंचायतीसमोर बसल्या. भांडल्या नाहीत, घोषणा नाही. हंडे ठेवले आणि बसल्या. बारा दिवसांनी खोदकाम सुरू झालं.” आत्याने विचारलं, “किती बाया?” तो म्हणाला, “सगळ्या.” आत्याने आकडा हवा म्हणून पुन्हा विचारलं. “एक्केचाळीस,” तो म्हणाला. तिने मला ते लिहून घ्यायला सांगितलं.

२१ मार्च, परत

सकाळी सातला मी एकटीच पुन्हा तळ्यावर गेले. आत्या दासगावला बॅग भरत होती. काल पाय ठेवायला जागा नव्हती तिथे आता तीनचार माणसं. विस्कटलेल्या फुलांच्या माळा, पत्रावळी, पाण्याचे पाउच. हिरवट पाण्यावर एक बगळा.

१९२७ मध्ये माणसं पाणी पिऊन गेल्यावर या तळ्याचं शुद्धीकरण केलं होतं. एकशे आठ घागरी पाणी बाहेर काढलं, पंचगव्य आत ओतलं, मंत्र म्हटले. गुराढोरांनी प्यालेलं, कपडे धुतलेलं पाणी, आणि बाटलं ते माणसाच्या ओंजळीने. ते आठवतच होतं की समोरून खराट्याचा आवाज आला. दोन बायका काठ झाडत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघून “जयभीम ताई” म्हटलं. मी जयभीम केला आणि पाउच गोळा करायला लागले. त्यातली एक म्हणाली, “राहू दे, आमचं कामच आहे.” काल कार्यक्रमाला आला होता का, असं मी विचारलं. रात्री उशिरा आलो, दिवसभर ड्यूटी होती, असं उत्तर मिळालं. मी तासभर त्यांच्याबरोबर झाडलं. काल लाखभर पायांनी चालत येऊन ही जागा आपली केली आणि आज ती झाडायला पुन्हा आपल्याच बायका. हे मला सलतं. येताना प्रत्येकाने एक पिशवी आणावी आणि आपला कचरा आपण न्यावा, एवढं तरी मंडळांनी मांडवातून सांगायला हवं. पुढच्या वर्षी मी सांगेन.

दहाची एसटी मिळाली. लोणेरं गेलं, माणगाव गेलं. कोलाडच्या पुढे आत्याने वही मागितली. गावाकडच्या वस्तीतली घरं ती एकेक करून मोजायला लागली. वरच्या अंगाचं पहिलं घर, त्यात दोन सुना, मग तिच्या चुलतभावाचं, तिथे सून, नातसून, मग बंद घर, माणसं पुण्याला, मग दादाचं. मी लिहीत गेले. वडखळपर्यंत सव्वीस बाया झाल्या. पेणला उसाचा रस प्यालो. गाडी सुटल्यावर तिला आणखी तीन आठवल्या, त्यातली एक बाळंतीण. बाळंतिणीचं नाव लिहावं की नाही यावर आमचं थोडं बोलणं झालं. शेवटी लिहिलं आणि पुढे कंसात तिच्या सासूचं.

“ग्रामसभा आता कधी?” आत्याने विचारलं.

“एक मेला.”

तिने बोटांवर दिवस मोजले. मग पिशवीतून फोन काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, “दादाला लाव. म्हणावं, हंडे कुणाकुणाकडे पितळी आहेत ते विचारून ठेव.”